तीन गिगाहर्ट्झ आणि दोन सुना

"काकू, तुम्ही बँकेच्या कॉम्प्युटर खात्यात होतात ना? आमच्या बंड्याला कॉम्प्युटर घ्यायचाय. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने दोन कोटेशनं दिलीत. एक पेंटियम फोर, तीन गिगाहर्ट्झ. दुसरा तो कोअर टू ड्युओ, गेल्या वर्षी, २००६ च्या जुलैत आलेला. महाग तो महाग, वर आकडा म्हणे १.८६! हे म्हणतात, तीनवालाच घेऊ."

"भावजींना म्हणावं, आकड्यावर जायचे दिवस गेले. इंटेलनेच २००४ मध्ये चार गिगाहर्ट्झच्या पेंटियमचा नाद सोडला. तापायचा हो मेला! मग वेग ताणण्यापेक्षा एकाच प्रोसेसरमध्ये दोन कोअर बसवले. त्यातून हा नवा दर ठोक्याला कामही जास्त उरकतो, म्हणून १.८६ ला हसू नका."

"म्हणजे दुप्पट भरभर?"

"छे! दोन सुना आल्या म्हणून कुकर लवकर होतो का? पण एक कुकरकडे बघते तोवर दुसरी पोळ्या लाटते. बंड्या गाणी लावून इंटरनेटवर बसणार, मागे अँटिव्हायरस डिस्क तपासत असणार. तिथे एकटा कोअर रडकुंडीला येतो. नुसता गेम खेळणार असेल तर मात्र आजच्या बऱ्याच गेमना दुसऱ्या कोअरचा पत्ताच नसतो."

"दुकानदार म्हणतो, पेंटियम डी घ्या. त्यातही दोन कोअर, स्वस्तात लावतो."

"लावेलच, माल खपवायचाय! त्यातल्या सुनांना एकमेकींशी बोलायलासुद्धा घराबाहेर, मदरबोर्डवरच्या बसवर यावं लागतं. कोअर टू मध्ये कॅश मेमरी दोघींत एकच. शिवाय तो डी ९५ वॅटचा, काही तर १३० चे. हा ६५ चा. मे महिन्यात त्या खोलीत बसून बघा."

"म्हणजे पेंटियम फोर बादच?"

"पत्रं टाइप करणाऱ्याला रग्गड आहे. पण बंड्याला दोन कोअर घेऊन रॅम २५६ एमबीच ठेवणार असाल, तर उपयोग नाही. एक जीबी घाला, हवं तर मॉनिटर लहान घ्या. आणि एक करा, मदरबोर्ड नीट विचारा. सॉकेट तेच असतं, प्रोसेसर बसतोही, पण जुना बोर्ड कोअर टू चालवेलच असं नाही. बिलावर लिहूनच घ्या."

"घेते हो."

"आणि ते पेंटियम फोरचं कोटेशन फाडू नका. आमच्या जावईबापूंना दाखवते. त्यांचं सगळं वर्डमध्येच चालतं, पण चारचौघांत तीन गिगाहर्ट्झ म्हणायला आवडेल त्यांना."