आधी घर, मग गाडी

रोमेनियातल्या कोंडवाड्यात गजांना नाक लावून उभा असलेला एक कुत्रा. फोटोखाली लिहिलेलं असतं: वय अंदाजे दोन वर्षं, स्वभाव गोड, घर तातडीने हवं. ब्रिटनमध्ये कुणीतरी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या हा फोटो बघतं आणि गलबलून जातं. फॉर्म भरला जातो, काही शे पौंड जमा होतात आणि काही आठवड्यांनी दारात व्हॅन उभी राहते. त्या कुत्र्याला रोज खाऊ घालणारा माणूस आणि त्याला आता घरात घेणारा माणूस यांच्यात एका शब्दाचंही बोलणं झालेलं नसतं.

ही थेट व्हॅनमधून दिवाणखान्यात आणायची पद्धत बंद झाली पाहिजे. परदेशातून कुत्री आणूच नयेत, असं माझं म्हणणं नाही. पण मध्ये फोस्टर घर, म्हणजे दत्तक जाईपर्यंत कुत्र्याला सांभाळणारं घर, नसेल, तर कुत्र्याला गाडीत चढवूच नये.

रोमेनियातून कुत्री बाहेर काढणाऱ्यांची घाई मला कळते. १९८०च्या दशकात हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीने बुखारेस्टमधल्या जुन्या वस्त्या अंगणांसकट पाडल्या आणि माणसांना सरकारी इमारतींतल्या फ्लॅटमध्ये कोंबलं. अंगणातली कुत्री रस्त्यावर आली आणि तिथेच त्यांच्या पिढ्या वाढल्या. सप्टेंबर २०१३मध्ये तिथे चार वर्षांच्या एका मुलाचा कुत्र्यांच्या हल्ल्यात जीव गेला. लोक रस्त्यावर उतरले आणि काही दिवसांतच संसदेने कायदा केला: पकडलेलं कुत्रं कामकाजाच्या १४ दिवसांत कुणी नेलं नाही, तर त्याला मारायची मुभा. तेव्हापासून तिथले कार्यकर्ते दिवस मोजत जगतात. तेराव्या दिवशी जो कुणी ‘हो, मी घेतो’ म्हणेल त्याला ते कुत्रा देतात, आणि त्यांना मी दोष देणार नाही. दोष द्यायचा तो इकडे ब्रिटनमध्ये बसून, कुत्रा कुठे उतरणार याचा विचार न करता पुढची गाडी भरणाऱ्यांना.

कुत्रा उतरतो तेव्हा काय होतं ते जवळून बघा. हंगेरी, ऑस्ट्रिया, जर्मनी ओलांडून, इंग्लिश खाडी पार करून तो पिंजऱ्यात बसून आलेला असतो, स्वतःच्याच मुताच्या वासात. जाणती फोस्टर बाई आधी फाटक लावते, मग घराचं दार बघते आणि मगच पिंजरा उघडू देते. अंगावर हार्नेस, गळ्यात ओढला की घट्ट होणारा पट्टा, दोन्हींना वेगवेगळ्या दोऱ्या, त्यातली एक तिच्या कमरेला बांधलेली. कारण घाबरलेला कुत्रा मागे सरकून साध्या पट्ट्यातून मान कशी सोडवून घेतो, हे तिला माहीत असतं. आणल्याच्या पहिल्या दिवसांत निसटून हमरस्त्यावर गेलेल्या कुत्र्यांचे ‘हरवला आहे’चे कागद ब्रिटनमध्ये कुठे ना कुठे विजेच्या खांबांवर चिकटलेले असतात. दोन दोऱ्यांचा खर्च किती येतो?

पहिल्या रात्री आंघोळ नाही, पाहुणे नाहीत, लाडही नाहीत. चादर टाकलेला पिंजरा, पाणी आणि शांतता. काही कुत्री चोवीस तास लघवी धरून ठेवतात. ताटलीतलं खात नाहीत. जमिनीवर टाकलेलं, तेही दिवे मालवल्यावर खातात. जिना त्यांनी कधी पाहिलेला नसतो. वॉशिंग मशीन फिरायला लागलं की सोफ्यामागे जातात आणि तासन्‌तास बाहेर येत नाहीत. रेस्क्यूवाले तीन-तीन-तीनचा हिशोब सांगतात: तीन दिवस भेदरलेला, तीन आठवड्यांत घराचा दिनक्रम उमजलेला, तीन महिन्यांत रुळलेला. हिशोब ढोबळ आहे. रस्त्यावर जन्मलेल्या, माणसाचा हात न लागलेल्या कुत्र्याला वर्षही लागतं.

या काळात फोस्टर बाई फक्त सांभाळत नाही, टिपून ठेवते. मांजर दिसलं की हा काय करतो. खाताना कुणी जवळ गेलं तर गुरगुरतो का. टोपी घातलेल्या पुरुषाला बघून अंग चोरतो का. एकटा ठेवला तर दार ओरबाडतो की झोपून जातो. लहान मूल पळत आलं तर बाजूला होतो की दात दाखवतो. ही माहिती फोटोत नसते, आणि कोंडवाड्यात शेकडो कुत्र्यांच्या कल्लोळात कुणाला मिळणारही नसते. तिथे ‘शांत’ दिसलेला कुत्रा बरेचदा भीतीने थिजलेला असतो. महिन्याभराने जीवात जीव आला की त्याचा खरा स्वभाव दिसतो. तो दिसायच्या आत ज्याने घरात चार वर्षांचं पोर असताना त्याला दत्तक घेतलं, त्याने तरी काय करावं? तो हात टेकतो आणि जवळच्या निवारा केंद्राला फोन लावतो, आणि तिथे आधीच जागा नसते.

फोस्टर घर हे त्या कुत्र्याचं माहेर आहे. नांदला नाही तर परत यायला दार उघडं हवं. रेस्क्यूवाले याला बॅक-अप म्हणतात. दत्तक घ्यायला निघालेल्या माणसाने कुत्र्याचं नाव विचारायच्या आधी हा बॅक-अप विचारावा: रात्री दोन वाजता त्याने मुलाला चावा घेतला, तर ब्रिटनमधला कोण माणूस, कोणत्या गावातून येऊन याला नेईल? उत्तर ‘आम्ही बघू’ असं आलं, तर पैसे भरू नका. स्कॉटलंडमध्ये २०२१च्या नियमांनी निवारा केंद्रांना परवाना बंधनकारक झाला. इंग्लंडमध्येही तो हवा.

आता रक्ताच्या तपासणीबद्दल. रोमेनियातून निघताना कुत्र्याला मायक्रोचिप, रेबीजची लस आणि ब्रिटनमध्ये शिरण्याआधी २४ ते १२० तासांत पट्टकृमीचं औषध, हे सक्तीचं आहे. ब्रुसेला कॅनिसची तपासणी सक्तीची नाही. २०२०पासून ब्रिटनमध्ये या जिवाणूची प्रकरणं वाढली, आणि त्यांतली बहुतेक परदेशातून, मुख्यतः रोमेनियातून आलेल्या कुत्र्यांशी जोडलेली होती. कुत्रीचा गर्भपात होतो, कुत्र्याच्या पाठीच्या मणक्यांना सूज येते. प्रतिजैविकं देऊनही जिवाणू अंगातून गेला, याची खात्री देता येत नाही. माणसालाही लागण होऊ शकते. तपासणीत दोष निघालेल्या कुत्र्याला पुष्कळदा मारलं जातं. म्हणजे १४ दिवसांच्या कायद्यातून वाचवून, खंड पार करून आणलेला जीव इथल्या दवाखान्याच्या टेबलावर संपतो. निघण्याआधी रक्त तपासा, निकाल लेखी द्या. फोस्टर घरात गरोदर बाई आहे का, हे विचारा. हे टाळणाऱ्या संस्थेला कुत्र्याची दया आहे, असं मी मानत नाही.

हे सगळं आपल्या लोकांनाही लागू आहे. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरची देशी कुत्री टोरांटो-न्यू जर्सीत दत्तक गेली आहेत, आणि त्यांना सोबत करणाऱ्या विमानप्रवाशांत आपली माणसं आहेत. सप्टेंबर २०२२पासून कॅनडाने रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून ‘व्यापारी’ कुत्री आणायला बंदी घातली. यादीत भारत आहे, आणि दत्तक वा फोस्टरसाठी येणारा कुत्राही ते व्यापारीच धरतात. अमेरिकेत ऑगस्ट २०२४पासून कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा. भारतात लस टोचलेला असेल, तर ठरावीक विमानतळांवरच उतरवायचा, तिथल्या मान्यताप्राप्त केंद्रात तपासणी आणि पुन्हा लस. रक्तातल्या प्रतिपिंडांचा अहवाल नसेल, तर २८ दिवस विलगीकरण. अनेकांना हे जाचक वाटतं. मला वाटत नाही. जून २०२१मध्ये अझरबैजानहून शिकागोला ३३ कुत्री उतरवली गेली, त्यांतलं एक पेनसिल्व्हेनियात रेबीजचं निघालं, आणि बाकीची शोधत आरोग्य खात्याला अनेक राज्यं पालथी घालावी लागली. कॅनडाची सरसकट बंदी मात्र मला पटत नाही. अमेरिकेसारखा कडक पण उघडा दरवाजा तिथेही ठेवता आला असता.

टोरांटोतल्या ज्या मराठी घराला आता देशी कुत्रा आणता येत नाही, त्याने ते रिकामं अंथरूण तिथल्याच निवारा केंद्रातल्या कुत्र्याला फोस्टर म्हणून द्यावं. आणि विमानाच्या तिकिटाला, पिंजऱ्याला, कागदपत्रांना जे पैसे लागले असते, ते आपल्या गावी निर्बीजीकरण करणाऱ्या संस्थेला पाठवावेत. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ला दिल्लीच्या कुत्र्यांबद्दल सांगितलं, की रेबीजची किंवा आक्रमक कुत्री वगळता बाकीच्यांना निर्बीजीकरण आणि लस देऊन जिथून उचललं तिथेच सोडा. हे काम पैशांवाचून अडतं. एका कुत्र्याच्या विमानखर्चात गल्लीतल्या कितीतरी कुत्र्यांची शस्त्रक्रिया आणि लस होते, आणि त्यांतल्या एकालाही जिना चढायला शिकावं लागत नाही.