हवेची गादी कशी निवडावी : पनागर मुक्कामासाठी सविस्तर मार्गदर्शन

डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात जबलपूरच्या मराठी घरांमध्ये एक साथ पसरते. ताप नसतो, खोकला नसतो, पण माणूस रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर तंबू बघत पडलेला असतो. रुग्ण बहुधा तिशीतला, नोकरी पुण्यात किंवा बंगळुरूत, सुट्टीला घरी आलेला. हरिश्चंद्रगड करून झाला, सांदण दरी करून झाली, आता त्याला पनागरला मामांच्या मटाराच्या शेतात ‘कॅम्पिंग’ करायचं असतं. घरात चार पलंग, सहा रजया आणि एक हीटर असताना माणसानं शेतात जाऊन का झोपावं, असं आजी विचारते. तो प्रश्न प्रस्तुत मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेरचा आहे. आपण इथे फक्त गादीचा विचार करणार आहोत.

प्रथम स्थळाचा अभ्यास. पनागर जबलपूरपासून कटनीच्या रस्त्यानं पंधरा-सोळा किलोमीटर. तिथून पुढे सिहोऱ्याकडे निघालं की वाटेत कर्कवृत्त ओलांडावं लागतं, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे पनागर उष्ण कटिबंधात मोडतं. जानेवारीत पहाटे चार वाजता तिथे उभ्या असलेल्या माणसाला ही माहिती देऊ नये. या भागात जानेवारीतलं किमान तापमान साधारण ९-१० अंश असतं आणि थंडीची लाट आली की ४-५ अंशांवर उतरतं. तोही आकडा वेधशाळेचा, म्हणजे जमिनीपासून चारेक फूट उंचीवरच्या पांढऱ्या पेटीतला. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडला असेल तर जमिनीलगत त्याहूनही दोन-चार अंश कमी भरतात. वेधशाळेच्या पेटीत झोपायची सोय नाही. तुम्ही झोपणार जमिनीलगत.

या रस्त्यावर उघड्यावर मुक्काम करण्याची परंपरा मात्र जुनी आहे. मिर्झापूरकडून दक्षिणेत निघालेले व्यापारी आणि रजेवर घरी चाललेले शिपाई जबलपूरवरून जात, झाडाखाली पथारी टाकत, आणि ठगांच्या टोळ्या त्यांना रुमालानं कायमचं झोपवत. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं जबलपुरात बसून त्यांचा बंदोबस्त केला. सिहोऱ्यापुढचं स्लीमनाबाद त्याच्याच नावाचं. पुढे १८३०च्या दशकाच्या उत्तरार्धात, माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी जबलपुरात उद्योगशाळा निघाली. तिथे त्यांना काय शिकवावं? गालिचे विणणं आणि तंबू शिवणं. उघड्यावर झोपणाऱ्याची नेमकी अडचण काय असते, हे इतकं जवळून पाहिलेले कारागीर तंबूच्या धंद्यात पुन्हा झाले नसतील.

आता मूळ शास्त्र. थंडी वरून येते, असा घरोघरी समज आहे, आणि म्हणून सगळा खर्च पांघरुणावर होतो. प्रत्यक्षात रात्रभर तुम्हाला लुटत असते ती जमीन. उणे दहा अंशांची हमी देणारी महागडी स्लीपिंग बॅग घेतली तरी तिचा पाठीखालचा भाग अंगाच्या वजनानं चेपतो; पिसांमध्ये धरून ठेवलेली हवा निघून जाते, आणि ऊब त्या हवेचीच असते. उरतं ते दोन पदरी कापड. त्याखाली नुकतंच पाणी दिलेलं मटाराचं शेत. ओली माती कोरड्या मातीपेक्षा कितीतरी वेगानं उष्णता ओढून घेते, म्हणून जागा निवडताना कालव्याचा काठ, ताजं ओलीत आणि मामांनी कौतुकानं दाखवलेला ‘मऊ मऊ’ वाफा टाळावा. बांधावरची कोरडी, थोडी उंच जागा बघावी. तिथे सापाचं बीळ नाही ना, हे मामांना विचारावं. मामा ‘नाही’ म्हणतील. मग रखवालदाराला विचारावं.

नुसती हवा भरलेली गादी, जी जत्रेत आणि पोहण्याच्या तलावावर मिळते, ती थंडीत कामाची नाही. तुम्ही कूस बदललीत की आतली मोकळी हवा घुसळते आणि अंगाची ऊब खालच्या गार कापडाला पोचवून येते. म्हणून थंडीच्या गादीत या हवेला जागच्या जागी बसवायची व्यवस्था केलेली असते. कुणी आत कृत्रिम धाग्याचा कापूस भरतं, कुणी बदकाची पिसं, तर कुणी चकचकीत पातळ पडदे लावतं, जे अंगातून बाहेर पडणारी उष्णता परत अंगाकडे पाठवतात. पडद्यांची गादी वजनाला सर्वांत हलकी, अर्ध्या किलोच्या आसपास. पण कूस बदलली की चुरचुरते. तंबूत सोबत कोणी झोपणार असेल तर त्याची झोप किती सावध आहे याचा अंदाज खरेदीआधी घ्यावा. लग्नाला पाच वर्षं झालेल्यांनी कापसाची घ्यावी.

गादी किती ऊब धरते हे सांगणाऱ्या आकड्याला आर-व्हॅल्यू म्हणतात. जितका मोठा, तितकी जमीन लांब. २०१८ साली अमेरिकेत एएसटीएम एफ३३४० नावाचं प्रमाण ठरलं. गादी फुगवायची, खाली गार पत्रा, वर माणसाच्या अंगाइतका गरम पत्रा ठेवायचा, आणि वरचा पत्रा गरम राहायला किती वीज खातो हे मोजायचं. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं मोजत होती. मुलाच्या पगाराची चौकशी मुलाच्याच मामाकडे करावी, तसा तो प्रकार होता. आजही ऑनलाइन दुकानांत ‘अतिशीत हवामानासाठी सर्वोत्तम’ एवढंच लिहिलेल्या गाद्या ढिगानं मिळतात. आकड्याशेजारी या प्रमाणाचं नाव नसेल तर तो आकडा विक्रेत्याची शुभेच्छा समजावी.

पनागरसाठी किती हवा? आर-व्हॅल्यू २ उन्हाळ्यात गच्चीवर पुरेल. बर्फावर झोपायचं तर ५च्या वर, आणि बाजारात ७ ओलांडणाऱ्याही गाद्या आहेत. त्यांची किंमत पाच आकडी असते. मटाराच्या शेताला ४ भरपूर झाले. ज्यांना आधीच थंडी सोसत नाही, म्हणजे मुंबईत वाढलेले, त्यांनी साडेचार धरावेत. यात एक सोय आहे, जी दुकानदार आपण होऊन सांगत नाही: दोन अंथरुणांचे आकडे सरळ बेरजेनं वाढतात. फोमची घडीची पट्टी साधारण २ची असते. ती खाली आणि अडीचची साधी हवेची गादी वर, झाले साडेचार. शिवाय धानाचे खुंट आणि बाभळीचे काटे आधी फोमला भेटतात. फोमला भोक पडलं तरी फोम फोमच राहतो.

आकाराबाबत पूर्वजांनी अंथरूण पाहून पाय पसरायला सांगून ठेवलं आहे, पण त्यांच्यासमोर ५१ सेंटिमीटर रुंदीचं अंथरूण नसावं. कंपन्यांची नेहमीची रुंदी एवढीच असते. उताणं, हात छातीवर घेऊन, निपचित पडणाऱ्याला ती बरोबर बसते, आणि ती मुद्रा आपल्याकडे वेगळ्या प्रसंगी वापरतात. कुशीवर झोपणाऱ्यानं ६४ सेंटिमीटरची घ्यावी आणि जाडी निदान ८ सेंटिमीटर पाहावी, नाहीतर कमरेचं हाड थेट जमिनीला जाऊन टेकतं आणि तेवढ्या जागी आर-व्हॅल्यू शून्य होतो.

या गाद्यांचा उगमही सांगण्यासारखा आहे. १९७० नंतर सिएटलमध्ये बोइंग कंपनीनं हजारो लोकांना घरी बसवलं. त्यांतल्या जिम ली आणि नील अँडरसन या दोघा गिर्यारोहक इंजिनियरांनी फोम आणि हवा एकत्र करून स्वतःहून फुगणारी गादी बनवली आणि १९७२ साली थर्म-अ-रेस्टचा जन्म झाला. जबलपुरात १९०४पासून तोफांचे गाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी आहे, खमरियाची दारूगोळ्याची आहे, ट्रकची व्हेइकल फॅक्टरी आहे. इंजिनियरांची इथे कधीच वाण नव्हती, मराठी इंजिनियरांची तर नव्हतीच. पण आपल्याकडे कारखान्यातून बाहेर पडलेला माणूस थेट गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकारिणीत जातो, त्यामुळे गादीचा शोध राहून गेला.

आता फुगवण्याचं तंत्र. तोंडानं फुगवू नये. श्वासातली वाफ आत जाते, गार कापडावर तिचं पाणी होतं, पिसं ओली होऊन गोळा होतात आणि पुढच्या वर्षी गादी उघडली की बुरशीचा वास येतो. गादीबरोबर एक पिशवी येते. तिच्यात हवा कोंडून ती गादीत पिळायची. हे करताना गावातली पाच-सहा मुलं भोवती जमतील. त्यांच्यातला एक म्हणेल, “काय बड्डे, हमाए पास सायकल को पंप है, ले आएँ?” नम्रपणे नकार द्यावा. पंपाचं तोंड बसणार नाही, आणि बसलं तर शिवणी उसवतील. दुपारी २५ अंशांत भरलेली हवा पहाटे ५ अंशांत सुमारे ७ टक्क्यांनी आक्रसते, त्यामुळे गादी मध्यरात्री मऊ पडली तर ती फुटली असं समजून घरी फोन करू नये. झोपण्याआधी, हवा गार झाल्यावर, दोन पिशव्या आणखी भराव्यात.

इथवर वाचलेल्या जिज्ञासूला पर्यायी पद्धतींचीही माहिती असावी. पनागरमध्ये ‘टेंट’ या नावाखाली चौकशी केलीत तर तुम्हाला टेंट हाउसवाल्याकडे पाठवतील, म्हणजे जो लग्नाचा मांडव, खुर्च्या, कढया आणि गाद्या भाड्यानं देतो तो. हसू नका. साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी हा खरमास, आपला धनुर्मास. उत्तरेत या काळात लग्नं होत नाहीत. ऐन थंडीत टेंटवाल्याच्या गोदामात गाद्यांची थप्पी छताला टेकलेली असते आणि तो स्वतः उन्हात बसून शेंगा खात असतो. भाव पाडून मिळतो. गादी रुईची, लाल किंवा निळ्या खोळीची, कोपऱ्यावर रंगानं मालकाचं नाव लिहिलेली, हळदीचे डाग आणि डांबरगोळीचा वास यांसह. दोन एकावर एक घाला. वजन दहा-बारा किलो भरतं म्हणून ती पाठीवर घेऊन कोणी हिमालय चढणार नाही, पण पनागरच्या शेतापर्यंत ट्रॅक्टर जातो. दोष एकच: दव पडलं की रुई ओली होते आणि दुसऱ्या दिवशी टेंटवाला तिच्यावर हात फिरवून तुमच्याकडे अशा नजरेनं बघतो की खुलासा करावासा वाटतो.

आणि तिसरा पर्याय शेतातच असतो. मटाराला नीलगाय आणि रानडुक्कर लागतं, म्हणून हंगामभर रखवालदार रात्री शेतावर असतो. त्याची टपरिया बघून घ्या. आत वीतभर जाड पैरा, म्हणजे धानाची काडं, नोव्हेंबरात कापणी झाल्यावर राखून ठेवलेली. त्यावर कथरी, म्हणजे गोधडी, वर दुसरी कथरी. धानाची काडी पोकळ असते. प्रत्येक काडीत थोडी हवा कोंडलेली, काड्यांच्या मधे आणखी, आणि ती कूस बदलली तरी घुसळत नाही. सिएटलच्या इंजिनियरांनी पेटंट घेतलं ते याच तत्त्वाचं. पैरा महिन्यात दबतो, मग बदलतात. जुना गाईपुढे टाकतात. हवेच्या गादीची विल्हेवाट लावायची अशी सोय अजून निघालेली नाही. पैऱ्यात उंदीर येतात, उंदरामागे दुसरं कोणी येतं, आणि अंग खाजतं, हे प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे. पाठीवरच्या पिशवीत मावेल, पावसात टिकेल आणि उद्या दुसऱ्या गावी नेता येईल, अशी वस्तू हवी असेल तर गादीच घ्यावी. एका रात्रीसाठी, मामांच्या शेतात, पैऱ्याला तोड नाही. खात्री पटत नसेल तर रात्री एकदा उठून रखवालदाराच्या घोरण्याचा आवाज ऐकावा.

मामा मात्र तुम्हाला या तिन्हींपैकी काहीच करू देणार नाहीत. ते संध्याकाळी खाट पाठवतील. खाट नाकारण्याची तयारी आधीच करून ठेवावी, कारण थंडीत खाट म्हणजे खालून वारा. “मामा, खाटेखालून गारठा लागतो हो,” असं सांगावं. “अरे, मग आम्ही चाळीस वर्षं झोपतोय ते?” असं ते म्हणतील. ते चाळीस वर्षं खाटेवर दोन गाद्या टाकून, बंद खोलीत झोपतायत, हे त्यांना सांगू नये, मामी सांगेल.

शेवटी दुरुस्ती. गादीला भोक पडणार, हे धरून चालावं. साबणाचं पाणी कापडानं फिरवा, बुडबुडा येईल तिथे भोक. पिसांची गादी पाण्यात बुडवू नका. गादीबरोबर आलेली ठिगळाची पट्टी आणि गोंद घरी विसरू नका, कारण विसरलात तर रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जावं लागेल, आणि तो नाही म्हणणार नाही. तो गादीचं एक टोक घमेल्यातल्या काळ्या पाण्यात बुडवेल, भोक दोन मिनिटांत शोधेल, त्यावर सवयीनं रेतीकागद घासेल आणि ट्यूबला लावतात ते सोल्यूशन लावेल. घासलं की आतून हवा धरणारा पातळ थर निघतो आणि ते सोल्यूशन या कापडाला धरत नाही. तेव्हा त्याच्या हातातून रेतीकागद आधी काढून घ्यावा, आणि तो “कित्ते की आई जा?” असं विचारू लागला की आकडा सांगताना त्यातलं एक शून्य कमी करावं. तरीही तो म्हणेल, महाग पडली.