गाडीच्या कपाळी चाळीस फ्रँक

स्टुटगार्ट, रविवार

ती. आई आणि ती. बाबा यांना सा. न. वि. वि.

काल आईंचा फोन आला तेव्हा सूनबाईंची कणीक अर्धी मळून झाली होती. पिठाच्या हातानं कानाला फोन लावून 'सगळं ठीक आहे' म्हटलेलं आईंना काही पटलं नाही, म्हणून हे पत्र. चिरंजीव दरीच्या टोकावर उभे आहेत तो फोटो खरा आहे. पण दरी चार हात लांब होती आणि मध्ये भक्कम कठडा होता. तो फोटोत येऊ नये म्हणून नातीला रस्त्यावर पालथं झोपवलं होतं. ओरडायचंच असेल तर त्याबद्दल ओरडा.

स्वित्झर्लंडची सहल 'कमी खर्चात' ठरली होती. गाडी एक, माणसं पाच: चिरंजीव, सूनबाई, नात, नांदेडकर आणि लातूरकर. आखणी लातूरकरांकडे, म्हणजे लातूर पॅटर्न. पहाटे पाचपासून अर्ध्या-अर्ध्या तासाचं वेळापत्रक, झोप ऐच्छिक विषय. हिशेब नांदेडकरांकडे. मुक्काम तंबूत, आणि जेवणाला तुमचं पार्सल: धपाट्यांचं पीठ, कारळाची चटणी, शेंगदाण्याची चटणी. पाणी फुकट, कारण तिथल्या गावागावांतल्या दगडी हौदांवरचे नळ पिण्याच्या पाण्याचे असतात. नसेल तिथे तशी पाटी असते.

तरी खर्चाची ठेच लागलीच. स्विस महामार्गावर चाक टेकवायचं तर 'विन्येट', म्हणजे काचेवरचं टोलचं स्टिकर, लागतं. किंमत ४० फ्रँक, म्हणजे आपले चार हजारांवर. दोन दिवसांचं द्या म्हटलं तर मिळत नाही, आठवड्याचंही नाही. शेजारच्या ऑस्ट्रियात दहा दिवसांचं मिळतं, अगदी एका दिवसाचंही. इथे घ्यायचं तर वर्षाचंच, आणि त्यांचं वर्ष चौदा महिन्यांचं: आदल्या डिसेंबरपासून पुढच्या जानेवारीअखेरपर्यंत. न घेता सापडलात तर २०० फ्रँक दंड, वर विन्येट घ्यावं लागतं ते वेगळंच.

नांदेडकरांना त्या रात्री झोप लागली नाही. आडरस्त्यांनी गेलं तर विन्येट लागत नाही, हे त्यांनी शोधून काढलं. पण मग लातूरकरांचं वेळापत्रक थेट दुसऱ्या दिवशीच्या दुपारात गेलं. मग नांदेडकरांनी विचारलं, काचेवरचा कागद नंतर सोलून स्वतःच्या गाडीला चिकटवता येईल का? नाही येत. सोलला की बाद. २०२३ पासून तर ते ऑनलाइनही मिळतं आणि थेट गाडीच्या नंबरालाच जोडलं जातं. बाबा म्हणतील, आपल्याकडेही वर्षाचा फास्टॅग पास निघालाय. निघालाय, पण तो घ्यायची सक्ती नाही हो!

शाफहाउजनजवळचा ऱ्हाईनचा धबधबा मात्र नॉयहाउजनच्या काठावरून बिनतिकिटाचा. दीडशे मीटर रुंद, तेवीस मीटर उंच. नांदेडकरांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "आमचं सहस्रकुंड बघितलं नाही तुम्ही."

आता घाट. आपल्या कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. फुरका घाटाचा रस्ताच २,४२९ मीटरवर जातो. वळणापलीकडून तीन सुरांचा भोंगा वाजला की समजायचं, पिवळी पोस्टबस येतेय. हे सूर रोसिनीच्या 'विल्यम टेल'मधले आहेत, ही माहिती लातूरकरांनी नेमकी तेव्हाच दिली. पिवळ्या शिंगाची पाटी असलेल्या घाटरस्त्यांवर पहिला मान या बसचा. तिच्या ड्रायव्हरनं खूण केली की आपण मागे सरकायचं. तसा आपल्या एसटीलाही पाटीवाचून हाच मान आहे. चिरंजीव दरीच्या बाजूनं इंचाइंचानं गाडी मागे घेत होते आणि मागच्या सीटवरून नांदेडकर म्हणाले, "बनी तो बनी, नहीं तो परभणी." एरवी यावर भांडण होतं. या वेळी चिरंजीव म्हणाले, "परभणीच बरी राव. आत्ता घरी उकडत असेल."

घाटापलीकडे ऱ्होन हिमनदी. तिच्यात दरवर्षी गुहा कोरतात आणि उन्हानं वितळू नये म्हणून वरून पांढरी जाड कापडं अंथरतात. जवळून पाहिली तर मळलेली, कडांना फाटलेली, वाऱ्यानं फडफडणारी. नातीनं विचारलं, "हिला थंडी वाजते?" चिरंजीव म्हणाले, "आईनं शिवली असती तर अशी उसवली नसती." मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. सूनबाईंचाही चष्मा तेव्हाच मळला.

आता तिकडच्या बातम्या. कॉलनीतल्या काकूंच्या जावयानं सनरूफची गाडी घेतली म्हणता. परभणीच्या मे महिन्यात ते छप्पर कोण उघडणार, कामून घेतली, विचारा. मामांनी यंदा 'परभणी मोती' ज्वारी पेरणार म्हटलंय ते ऐकून इथल्या भाकरीचं पीठ घशाखाली उतरेना. दोन किलो बाजूला काढायला सांगा. थोरल्या वहिनी अजून रुसल्या असतील तर उरुसातल्या बांगड्यांचा विषय काढू नका. बाबांनी मोतीबिंदूची तारीख पुन्हा पुढे ढकलली हे कळलं आहे. फोनवर लपवलं तरी आत्या सगळं सांगतात.

दिवाळीत येणं नक्की. नात येलदरीचं धरण बघायचं म्हणतेय. आत्यांना सांगा, चिरंजीव गाडी चालवणार नाहीत, जिंतूरपर्यंत एसटीनं जाऊ. खिडकीची जागा सूनबाईंची.

तुमची सून