लोकेशन फुकट, बाकी उधार

२९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' आला आणि सोलापूर जिल्ह्यात ऊस नि उमेदवारांपाठोपाठ निर्मात्यांचंही पीक जोमात आलं. हिशेब सोपा होता. नागराज मंजुळेंनी करमाळ्याच्या रानात, अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू घेऊन, चारेक कोटींत जमवलं. आपण चाळीस लाखांत उरकू! कॅमेरा पुण्याहून भाड्यानं, बुलेट मेव्हण्याची, जेवणाला कडक भाकरी नि शेंगाचटणी. हिरो नवा, म्हणजे बिनपगारी. सरपंचांनी वाडा दिला, म्हणून त्यांच्या चिरंजीवांना तीन सीन. त्यातल्या एकात ते गॉगल काढतात, दुसऱ्यात घालतात. शूटिंग ऐन मे महिन्यात, त्यामुळे नायिका लाजायच्या आधीच लाल. पटकथेचं काय? ती एडिटिंगला बघू.

मुंबईकर त्याहून हुशार. २०१८ मध्ये 'सैराट'च्या हिंदी रिमेकसाठी, 'धडक'साठी, त्यांनी थेट उदयपूर गाठलं. तिथे तलाव मिळाला, हवेल्या मिळाल्या. जात मात्र वाटेतच कुठेतरी उतरली.

जेऊरच्या मंजुळेंनी 'सैराट'आधी 'पिस्तुल्या' नि 'फँड्री' काढले होते, तेही जातीवर बोट ठेवून. आमच्या निर्मात्यांनी त्यातलं फक्त बजेट वाचलं.