क्लस्टर वाढवण्याची सोपी कृती

आधी नावाचा घोळ मिटवून टाकू. स्नोफ्लेक या क्लाउड-डेटा कंपनीच्या प्रणालीत ज्याला ‘व्हर्च्युअल वेअरहाऊस’ म्हणतात, त्या गोदामात माल नसतो. डेटा वेगळ्याच जागी, स्टोरेजमध्ये पडलेला असतो. गोदाम म्हणजे भाड्याने आणलेले हमाल. क्वेरी आली की उठायचं, उपसायचं, मोजायचं आणि पुन्हा आडवं व्हायचं. 2012 साली ज्या तिघांनी ही कंपनी काढली, त्यांना हमालांचं नाव गोदाम का ठेवलंत हे तेव्हा विचारायला हवं होतं. आता उशीर झाला. पाठ करा.

पायरी पहिली. आकार निवडा. एक्स-स्मॉल तासाला 1 क्रेडिट (म्हणजे बिलाचं एकक) खातो, स्मॉल 2, मीडियम 4, लार्ज 8. पुढेही असंच दुप्पट होत सर्वात मोठा 512 पर्यंत जातो. नवशिक्याने लार्ज निवडावा, कारण पैसे आपले नसतात.

आता खरं सांगतो. आकार आणि क्लस्टरची, म्हणजे हमालांच्या टोळ्यांची, संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथेच निम्मे लोक चुकतात. एकाच पाहुण्याला पन्नास जिलब्या खायच्या असतील तर त्याच्यासमोर मोठं ताट मांडा. पन्नास पाहुणे दारात ताटकळत असतील तर मोठ्या ताटाचा काय उपयोग? तिथे दुसरी पंगतच हवी. एक क्वेरी हळू चालते म्हणून क्लस्टरची संख्या वाढवणारे मी पाहिलेत. ती क्वेरी चालणार एकाच क्लस्टरवर. बाकीचे नुसते उभे राहून तिच्याकडे बघणार. ऑटो-स्केलिंग, म्हणजे क्लस्टर आपोआप कमी-जास्त होणं, आहे ते रांगेसाठी. सकाळी दहाला सगळं ऑफिस एकदम रिपोर्ट उघडतं, तेव्हासाठी.

पायरी दुसरी. किमान आणि कमाल क्लस्टर किती, ते आकडे भरा. (एंटरप्राइज आवृत्ती नसेल तर ही सोयच मिळत नाही, खरेदी विभागाकडे जा, चहा पाजा.) दोन्ही आकडे सारखे ठेवलेत तर गोदाम उठताक्षणी सगळे क्लस्टर कामावर हजर, मग काम असो वा नसो. वेगळे ठेवलेत तर धोरण विचारलं जातं. ‘स्टँडर्ड’ हा हौशी यजमान: रांग दिसली की लगेच आणखी वाढपी बोलावतो. ‘इकॉनॉमी’ हा मुरलेला: निदान सहा मिनिटं पुरेल एवढं काम दिसल्याशिवाय नवा माणूस घेत नाही, तोवर पाहुणे उभे. रात्रीच्या कामांना हा बरा. दुपारी साहेबांच्या डॅशबोर्डला हा लावलात तर काय ऐकावं लागेल, ते तुमचं तुम्ही बघा.

पायरी तिसरी. ही सगळेच वगळतात, म्हणून इथेही वगळली आहे.

पायरी चौथी. ऑटो-सस्पेंड, म्हणजे काम नसताना किती वेळाने झोपायचं. काहीच लिहिलं नाही तर 600 सेकंद. हिशोब सेकंदावर असला तरी दर वेळी उठताना निदान 60 सेकंदांचे पैसे लागतात. रिक्षात बसून पुढच्या चौकात उतरलात तरी किमान भाडं द्यावं लागतंच, तसं. फार लवकर झोपवलंत तर हाताशी जमवलेला डेटाही विसरला जातो आणि उठल्यावर तो पुन्हा आणावा लागतो. फार उशिरा झोपवलंत तर काय होतं, ते माझ्याकडून ऐका.

एका शुक्रवारी संध्याकाळी सातला मी मीडियम आकाराचं गोदाम उभं केलं. किमान क्लस्टर 3. तीन तिगाडा काम बिघाडा, हे आजीने सांगून ठेवलं होतं. पण आजीकडे सर्टिफिकेट नव्हतं. झोपेची वेळ तीच, 600 सेकंद. स्वागतकक्षातल्या टीव्हीवर एक डॅशबोर्ड होता, तो दर पाच मिनिटांनी स्वतःला ताजा करून घ्यायचा. नेहमीची क्वेरी आणि न बदललेला डेटा असता तर चोवीस तास जपलेलं तयार उत्तर मिळालं असतं, गोदामाला हातही लागला नसता. पण कोपऱ्यात ‘आत्ताची वेळ’ दिसावी ही हौस माझी, आणि तीही क्वेरीतूनच काढलेली. म्हणून तयार उत्तर बाद. दहा मिनिटांनी झोपायचं आणि पाच मिनिटांनी कुणीतरी हलवायचं, तान्ह्या मुलाच्या आईला हे नव्याने सांगायला नको. सोमवारी सकाळी नऊपर्यंत 62 तास, तासाला 12 क्रेडिट, एकूण 744. बंद ऑफिसातला टीव्ही बघणारा एकटा वॉचमन, आणि त्याला फक्त घड्याळ हवं होतं.

क्लस्टर आपोआप कमी झाले नाहीत, यात ऑटो-स्केलिंगचा काही दोष नाही. खाली उतरायचं कुठवर, तो आकडा मीच लिहिला होता.

तर, पायरी तिसरी. रिसोर्स मॉनिटर. अकाउंट ॲडमिनच्या अधिकाराने तो बनवा, महिन्याचा कोटा ठरवा, गोदामाला जोडा. अमुक टक्क्यांवर नुसतं कळव, अमुकवर चालू क्वेरी संपल्या की थांबव, अमुकवर मध्येच तोड, असं तिन्ही सांगता येतं. थांबवण्याची रेघ शंभराच्या जरा अलीकडेच मारा, कारण थांबेपर्यंत थोडं वर जातंच. सूचना मिळवायची तर तीही आधी आपल्याच सेटिंगमध्ये चालू करावी लागते, नाहीतर कळवणारा कळवतो आणि ऐकणारा कुणी नसतो.

हे वाचताना शुक्रवार संध्याकाळ असेल, तर लेख खाली ठेवा आणि किमान क्लस्टरचा आकडा बघून या.