चार प्रश्नांची मोटार

फुकट बक्षिसाचे सर्वेक्षण हा मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणारा फसवणुकीचा प्रकार आहे. चार सोप्या प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि मोबाइल, मोटार किंवा गेला बाजार काही हजार रुपये घरी न्यायचे, असा त्याचा मायना. निमित्त बहुधा एखाद्या बड्या कंपनीच्या वर्धापन दिनाचे असते. कंपनीला मात्र या समारंभाचा पत्ता नसतो.

वर्धापन दिन कितवा, हे ठरवताना हिशेबाला फारसे महत्त्व दिले जात नाही. मार्च २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या तिसाव्या वाढदिवसाचा निरोप देशभर फिरला. अ‍ॅमेझॉनची स्थापना १९९४ ची, म्हणजे तिशीला अजून तीन वर्षे अवकाश होता. त्या आनंदात जो फोन वाटला जाणार होता तोही हुआवे या दुसऱ्याच कंपनीचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात टाटा समूहाच्या दीडशेव्या वर्षानिमित्त नेक्सॉन गाडी फुकट मिळू लागली. टाटांची सुरुवात १८६८ ची. दीडशे वर्षे २०१८ मध्येच भरली होती. अ‍ॅमेझॉनचे बारसे लग्नाआधी आणि टाटांचे तेरावे तीन वर्षांनी, असा हा कारभार. अखेर समूहालाच जाहीर करावे लागले की या योजनेशी आपला संबंध नाही, दुवा उघडू नका आणि पुढेही पाठवू नका. दुव्याच्या पत्त्याचीही तीच गत. २०१८ मध्ये अ‍ॅडिडासचे बूट फुकट वाटणारा दुवा आला, तेव्हा पत्त्यातल्या इंग्रजी नावात ‘आय’ या अक्षरावरचा ठिपका गायब होता. बुटांच्या आशेत ठिपका कोण पाहतो?

दुव्यावर बोट ठेवले की प्रश्नपत्रिका उघडते. ही कंपनी तुम्हाला ठाऊक आहे का? तुमचे वय काय? स्त्री की पुरुष? सेवा कशी वाटते? या परीक्षेत नापास होण्याची सोय नाही. ‘सेवा अगदी वाईट’ असे उत्तर देणाऱ्यालाही कंपनी मोठ्या मनाने मोटार देते. मग ‘आपली उत्तरे तपासली जात आहेत’ अशी पाटी आणि हळूहळू भरणारी पट्टी दिसते. तपासत कोणीच नसते. भरत जाणारी पट्टी हे नुसते चलच्चित्र. त्यानंतर भेटवस्तूंचे खोके येतात. पहिला हमखास रिकामा निघतो आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी बक्षीस लागते. यामागे मनुष्यस्वभावाचा गाढा अभ्यास आहे. पहिल्याच फटक्यात मिळालेल्या मोटारीचा मध्यमवर्गीय माणसाला संशय येतो. एकदा हुकून मिळाली की ती कष्टाची वाटते.

पानाच्या तळाशी आधीच्या विजेत्यांचे अभिप्राय असतात. कोणाला सुरुवातीला खरे वाटले नव्हते, कोणाचा फोन आजच सकाळी घरी आला. तेच अभिप्राय, त्याच फोटोंसह, पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीच्या वाढदिवसालाही हजर असतात. वर घड्याळ उलटे धावत असते आणि पान पुन्हा उघडले की नव्या दमाने धावू लागते. अशी खोटी घाई दाखवणे ही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये निषिद्ध ठरवलेल्या १३ क्लृप्त्यांपैकी एक आहे. पण ज्याला मुळात गाडीच द्यायची नाही, त्याने घड्याळाचे नियम तरी का पाळावेत?

खरी मेख शेवटी आहे. बक्षीस हाती पडण्यापूर्वी हा निरोप पाच गटांना किंवा वीस मित्रांना पाठवावा लागतो. आपण कोणाला काय पाठवले, हे त्या पानाला कळत नाही. बटण दाबल्याचे तेवढे कळते. माणूस मात्र प्रामाणिकपणे पाठवतो. सोसायटीचा गट, दहावीच्या वर्गाचा गट, भिशीचा गट, कुलदैवताच्या यात्रेसाठी निघालेला आणि यात्रेनंतर बंद करायचा राहून गेलेला गट. कुटुंबाच्या गटात एखादा भाचा लिहितो, “मामा, हे फेक आहे.” मामांचे उत्तर तयार असते, “असेल रे. पण मिळालं तर मिळालं, आपलं काय जातंय?” एवढे लिहून मामा लगेच एक गुलाबाचे फूल पाठवतात, म्हणजे विषय संपला. फसवणाऱ्याला जाहिरातीचा खर्च येत नाही तो यामुळे. अनोळखी कंपनीवर कोणी विश्वास ठेवला नसता, पण निरोप मामांकडून आलेला असतो.

मामांचे काय जाते, तर ते असे. वीस मित्र पुरे झाले की ‘शेवटची पायरी’ येते आणि तिच्यानंतर आणखी एक शेवटची पायरी येते. कुठे जाहिरातींची पाने उघडतात, कुठे एखादे अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगतात, कुठे मोबाइल क्रमांक टाकताच दरमहा पैसे कापणारी सेवा चालू होते. भरलेल्या प्रत्येक फॉर्ममागे आणि उतरवलेल्या प्रत्येक अ‍ॅपमागे गिऱ्हाईक आणणाऱ्याला कमिशन मिळते. सगळा धंदा त्यावर उभा असतो. सर्वांत वाईट प्रकारात मोटार पोचवण्याचा किरकोळ खर्च म्हणून कार्डाचा क्रमांक आणि ओटीपी मागतात. मोटार कुरिअरने येते यावर तोपर्यंत माणसाचा विश्वास बसलेला असतो.

ही विद्या जुनी आणि परदेशी आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मार्च २०१३ मध्ये एक हजार डॉलरच्या फुकट गिफ्ट कार्डाचे एसएमएस पाठवणाऱ्या २९ जणांवर आणि कंपन्यांवर दावे लावले. असे १८ कोटींहून अधिक संदेश गेले होते आणि कार्ड मिळण्याआधी काहींना तेरापर्यंत वेगवेगळ्या योजनांत भाग घ्यावा लागे. भारतात टपाल खात्यालाही यात ओढले गेले. खात्याच्या नावाने सर्वेक्षण भरणाऱ्यांना सरकारी अनुदान देऊ करणारी संकेतस्थळे निघाली आणि एप्रिल २०२२ मध्ये खात्याला इन्कार करावा लागला. पाच रुपयांच्या तिकिटाचाही हिशेब ठेवणारे खाते चार प्रश्नांवर अनुदान वाटेल, असे मानणारे लोक देशात होते.

खरी सर्वेक्षणे नसतातच असे नाही. गुगलचे ओपिनियन रिवॉर्ड्स २०१३ पासून चालू आहे. तिथे उत्तरांबद्दल मिळतात ते मोजके रुपये, आणि आपल्याकडे तेही गुगलच्याच दुकानात खर्चावे लागतात. मोबदला इतका तुटपुंजा की कोणी कौतुकाने पुढे पाठवत नाही. सर्वेक्षण खरे असल्याची याहून चांगली खूण सापडणे कठीण.

दुसऱ्याचे नाव घेऊन संगणकाद्वारे फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड नुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अडचण एवढीच, की पोलीस पोचेपर्यंत ते संकेतस्थळ मिटलेले असते. म्हणून पैसे गेले असतील तर आधी बँकेला सांगून कार्ड बंद करावे, १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, उतरवलेले अ‍ॅप काढून टाकावे, आणि ज्या पाच गटांना निरोप पाठवला त्यांनाही लाज न बाळगता कळवावे.