मामांचे रिकामे उद्योग

छंदांच्या बाबतीत आपला समाज भलताच पंक्तिप्रपंच करतो. कुंडीत मिरच्या लावणारा हौशी ठरतो, पोस्टाची तिकिटं जमवणारा रसिक, आणि पेटी बडवणाऱ्यालाही शेजारी काही वर्षं कलावंत म्हणून सोसतात. संध्याकाळभर संगणकापुढे बसणाऱ्याच्या वाट्याला मात्र एकच शेरा येतो : ‘बसलेत आपले.’ काय करत बसलेत, हे विचारायची कोणाला गरज वाटत नाही.

आमचे मामा असे पुष्कळ वर्षं बसलेले आहेत. बँकेतून निवृत्त झाले, हैदराबादेत काचीगुड्याला राहतात. घरात मराठी, भाजीबाजारात तेलुगू, रिक्षावाल्याशी दखनी, आणि संगणकाशी भांडताना तिन्हींची खिचडी. त्यांच्यासारखी घरं या शहरात कशी आली, हा इतिहास दोन वाक्यांत आटोपतो. निजामाच्या राज्यात मराठवाड्याचे पाच जिल्हे होते, तिथली माणसं नोकरी, वकिली आणि शिक्षणासाठी राजधानीत आली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, माणसं जिथल्या तिथे राहिली. मग त्यांच्यासाठी विवेकवर्धिनीसारखी शाळा होतीच, आणि इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय होतं. मामांना वाचनाचा नाद लागला तो तिथला. पुढे तो आबिदच्या फूटपाथवर वाढला. आबिदला रविवारी दुकानांची शटर्स खाली असतात आणि त्यांच्यापुढे जुन्या पुस्तकांचे ढीग पसरतात. इंग्रजी कादंबऱ्या, इंजिनिअरिंगची गाइडं, उर्दू दिवान आणि त्यात कुठेतरी तळाला कव्हर गेलेलं एखादं मराठी पुस्तक. उकिडवं बसून ढीग उपसायची ती सवय मामांनी तशीच उचलून इंटरनेटवर नेली. फरक इतकाच, की आता गुडघे दुखत नाहीत, मान दुखते.

हैदराबादेत संगणकविद्या म्हटलं की अमीरपेट. मैत्रीवनमच्या आसपास इमारतींवर फ्लेक्सचे इतके थर, की खिडक्या आहेत की नाहीत ते कळू नये. जावा, ओरॅकल, पायथन, शिवाय ‘आज सायंकाळी मोफत डेमो’. खाली झेरॉक्सच्या दुकानांत नोट्सच्या चळती. अर्ध्या आंध्रातली पोरं इथून शिकून अमेरिकेला गेली. मामाही तिथे नियमाने जायचे, पण क्लासला नव्हे, चहाच्या टपरीवर. फी भरून जे शिकवतात ते टपरीवर फुकट ऐकायला मिळतं, असा त्यांचा बँकेत मुरलेला हिशेब. तिथल्याच एका पोराने त्यांना शोधायचं शास्त्र शिकवलं. नेमके शब्द हवे असतील तर अवतरणचिन्हांत घाला, नको ते वजाचं चिन्ह लावून हाकला, एकाच संकेतस्थळात शोधायचं तर तसं सांगा. मामांनी घरी येऊन गोवळकोंड्याचा इतिहास शोधताना आधी हॉटेल वजा केलं, मग तिकीट, मग बिर्याणी. मग कुठे कुतुबशाही दिसू लागली.

मराठी टाइप करायला ते इन्स्क्रिप्ट वापरतात. आमच्यासारखे लोक रोमनमध्ये बडवतात आणि मोबाइल त्याचं जे मराठी करील ते मुकाट्याने मान्य करतात. इन्स्क्रिप्ट हा सरकारने १९८६ साली प्रमाण ठरवलेला कळफलक. मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे मामा लिहायला बसले की तबला-डग्गा चालल्यासारखं वाटतं. त्याची खरी गंमत अशी, की भारतीय लिप्यांना मांडणी एकच. मराठी ‘क’ जिथे, तेलुगू ‘क’ही तिथेच. मामांना तेलुगू बोलता फर्डं येतं, वाचताना मात्र ते रस्त्याच्या कडेला थांबून अक्षरं जुळवतात. तरीही कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला ‘उधारी बंद’ची तेलुगू पाटी त्यांनीच टाइप करून दिली. बोटांना जी लिपी येते ती डोळ्यांना येत नाही, हे दृश्य मी समोर बसून पाहिलं आहे. पाटी लागल्यावर उधारी पहिली बंद झाली ती मामांची.

पण हे सगळं फुटकळ. मामांचा खरा मुलूख म्हणजे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया.

हे प्रकरण मुळात हैदराबादशी बांधलेलं आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले राज रेड्डी, ट्यूरिंग पुरस्काराचे मानकरी, यांच्या डोक्यातून दहा लाख पुस्तकं स्कॅन करून जगाला फुकट द्यायची कल्पना निघाली. भारतातल्या कामात इथली ट्रिपल आयटी पुढे होती. २००३ साली राष्ट्रपती कलामांनी उद्घाटन केलं. उस्मानिया विद्यापीठाच्या ग्रंथालयातली हजारो पुस्तकं यंत्राखाली गेली, त्यांत मराठीही होती. सुरुवातीला एकेक पान स्वतंत्र उघडावं लागे, तेही ब्राउझरला वेगळा तुकडा जोडल्यावर. शंभर पानांचं पुस्तक उतरवायचं म्हणजे शंभर वेळा टिचकी. पुढे ते संकेतस्थळच बंद पडलं. तोवर पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर पोचली होती, म्हणून वाचली.

मामा उघडतात ती पुस्तकं पाहण्यासारखी असतात. मुखपृष्ठाच्या जागी पांढऱ्या पानावर ठळक रोमन अक्षरांत ‘डॅमेज बुक’ किंवा ‘टाइट बाइंडिंग बुक’. स्कॅन करणाऱ्याने आधीच हात वर केलेले. मग उस्मानियाची चिठ्ठी, खाली शेवटी छापलेल्या तारखेला किंवा त्याआधी पुस्तक परत करावं अशी ताकीद. मग कुठेतरी वाकडं पान, कुठे समासात वाचकाने पेन्सिलीने मारलेली रेघ. या रेघा वाचायला मामांना मूळ मजकुराइतकाच वेळ लागतो. उस्मानिया त्यांच्या घरापासून रिक्षाने फार लांब नाही. तिथलं पुस्तक कॅलिफोर्नियातल्या संस्थेकडे जातं आणि तिथून काचीगुड्याला परत येतं. मामी म्हणतात, “रिक्षाचे पैसे वाचवायला पुस्तकाला अमेरिका दाखवली.”

तरी पुस्तक उघडणं हा शेवटचा टप्पा. आधी ते सापडायला हवं, आणि तिथे मेख आहे. नावं नोंदवली गेली ती रोमन अक्षरांत, ज्याला जशी सुचली तशी. ‘ज्ञानेश्वरी’ शोधायची तर मराठी माणूस डी-एन-वाय लिहील, संस्कृतवाला जे-एन, हिंदीवाला जी-वाय, आणि तेलुगू माणूस हमखास जी-एन. तेलुगू वळणात ‘त’ला टी-एच लागतो, म्हणून ‘गीता’ वेगळी शोधावी लागते. वर टंकणाऱ्याची डुलकी, सुटलेलं अक्षर, चिकटलेले शब्द. मामांनी यासाठी बँकेतल्या सवयीने एक जाडजूड वही घातली आहे. डावीकडे पुस्तकाचं नाव, उजवीकडे ते ज्या स्पेलिंगखाली हाती लागलं ते. मधली रेघ पट्टीने, लाल शाईत. ती वही चाळताना माझ्या लक्षात आलं, की ज्याला लोक संगणकाचं ज्ञान म्हणतात त्यातलं संगणकाचं फारच थोडं असतं. पलीकडचा माणूस कसा चुकला असेल याचा अंदाज बांधता आला पाहिजे. मामांची अख्खी नोकरी दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेली, त्यामुळे ते या कामाला तयार होऊनच निवृत्त झाले.

मेलेल्या दुव्यांचंही तेच. “ती साइट परसोंच तर पाहिली होती,” असं मामा म्हणाले की समजायचं, निदान दहा वर्षं झाली. हैदराबादी परसों फार लवचिक असतो. मग ते जुना पत्ता वेबॅक मशीनमध्ये टाकतात. २००१ पासून खुलं असलेलं हे यंत्र संकेतस्थळांची जुनी रूपं राखून ठेवतं. लोकांनी आपापली पानं थाटलेलं जिओसिटीज हे संकेतस्थळ २००९ मध्ये गेलं, ऑर्कुट २०१४ मध्ये. त्या गावांत घरं बांधून राहिलेल्यांना सामान हलवायला थोडे दिवस मिळाले. मामांनी तेव्हापासून नियम केला : आवडलेलं पान जतन करायची विनंती त्या यंत्राला लगेच करायची, मग वाचायचं.

या छंदाला एक जरा अशुभ अंगही आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं लेखनहक्क राहतो आणि पुढच्या १ जानेवारीला पुस्तक सगळ्यांचं होतं. पूर्वी ही मुदत पन्नास होती. रवींद्रनाथांच्या साहित्याचे हक्क १९९१अखेर संपायला आले तेव्हा ती साठ केली गेली. त्यामुळे मामांना मराठी लेखकांच्या जन्मतारखा माहीत नसतात, पुण्यतिथ्या पाठ असतात. साने गुरुजी १९५० साली गेले, २०११ला मोकळे झाले. मर्ढेकर १९५६, म्हणजे २०१७. अत्र्यांसाठी २०३० उजाडावं लागेल. सेतुमाधवराव पगडी हे मामांचं खास दैवत, कारण निजामाच्या नोकरीत राहून त्या माणसाने फारसी, उर्दू, गोंडी, कोलामी इतकं सगळं कवेत घेतलं. पगडी १९९४ साली गेले. म्हणजे २०५५. “पथ्यपाणी सांभाळायला हवं,” असं म्हणून मामांनी त्या दिवसापासून उस्मानिया बिस्किटं दोनावर आणली. मामींचं म्हणणं वेगळंच, “एवढी श्राद्धं घरातल्या पितरांची कधी लक्षात ठेवली नाहीत.”

मोकळी झालेली पुस्तकं मामा मराठी विकिस्रोतावर शुद्ध करत बसतात. पडद्यावर एका बाजूला जुन्या पानाचं छायाचित्र, दुसऱ्या बाजूला यंत्राने ते वाचून काढलेला मजकूर. यंत्र वाचतं बरं, पण शाई पुसट असली की ‘ध’चा ‘घ’ करतं आणि ‘भ’चा ‘म’. एकदा एका जुन्या पानावर कोणी माऊसाहेब मोठ्या गंभीरपणे व्याख्यान देत होते. मामांनी त्यांना पुन्हा भाऊसाहेब केलं, पण आधी मामींना हाक मारून दाखवलं. मामी हसल्या. त्या पडद्याकडे बघून हसल्याची माझ्या माहितीतली ती एकमेव वेळ.

तिथे पानांना रंग असतात. तपासलं नसेल तर लाल, एकाने तपासलं की पिवळं, दुसऱ्याने पुन्हा पाहून पसंत केलं की हिरवं. हा दुसरा माणूस वेगळाच असावा लागतो, स्वतः पिवळं केलेलं पान स्वतःला हिरवं करता येत नाही. बँकेत धनादेशावर दोन सह्या लागतात तोच न्याय, म्हणून मामांना तो बिनतक्रार पटला. अडचण एवढीच, की दुसरी सही करणारे फार थोडे आहेत. मामांची पानं पिवळी होऊन पडून राहतात.

तेव्हा वाचकहो, रोजची दहा मिनिटं निघत असतील तर मराठी विकिस्रोतावर जा. खातं उघडायला पैसा पडत नाही, फॉर्म लांबलचक नाही, मराठी वाचता येणं एवढीच पात्रता. कुठलंही पिवळं पान उघडा, छायाचित्राशी ताडून पाहा, चूक दिसली तर सुधारा आणि हिरवं करा. घरात कोणी ‘बसलेत आपले’ म्हणालं, तर म्हणू द्या.